ई-मेलसोबत येणारी सहपत्रे : सुरक्षित स्वीकार व जतन
(अहिल्यानगर जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या विशेष संदर्भात)

बीजसंज्ञा : ई-मेल, सहपत्र, आवक, मॅक्रो, फॉन्ट, युनिकोड, रॅन्समवेअर, जतन

प्रस्तावना :

महाविद्यालयाच्या कार्यालयात आवक-जावक नोंदवहीला फार जुने स्थान आहे. आलेले टपाल प्रथम आवक लिपिकाच्या टेबलावर येत असे. पाकीट कोठून आले, त्यावर कोणाचा शिक्का आहे, पत्राच्या शेवटी 'सोबत : वरीलप्रमाणे' असे लिहिले असल्यास तितकी सहपत्रे खरोखर आत आहेत की नाहीत, हे पाहून त्यास क्रमांक व दिनांक पडे आणि मगच ते प्राचार्यांकडे किंवा संबंधित विभागाकडे जाई. या पद्धतीत वेळ जात असे हे खरे. परंतु कोणतेही पत्र तपासणीवाचून कोणाच्याही टेबलावर पोहोचत नसे.

ई-मेल आल्यानंतर ही मधली पायरी नाहीशी झाली. आज विद्यापीठाचे परिपत्रक, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाकडून मागविलेली माहिती, नॅकच्या वार्षिक अहवालाची एक्सेल प्रपत्रे, चर्चासत्राची माहितीपत्रके, विद्यार्थ्यांचे प्रकल्प आणि पदोन्नतीच्या प्रस्तावाची कागदपत्रे हे सर्व थेट प्राध्यापकांच्या खात्यावर येते. बहुतेकदा ते रात्री भ्रमणध्वनीवर, घाईत आणि 'उद्या दुपारपर्यंत पाठवावे' या सूचनेसह येते. अकोल्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या या चौदा तालुक्यांच्या जिल्ह्यात ई-मेलने पुण्याच्या कित्येक खेपा वाचविल्या, ही सोय कोणी नाकारणार नाही. मात्र या सोयीबरोबर प्रत्येक प्राध्यापक हा स्वतःचा आवक लिपिक झाला आहे आणि त्या कामाचे शिक्षण त्यास कोणी दिलेले नाही. प्रस्तुत लेखात सहपत्र स्वीकारणे, तपासणे, साठविणे व उघडणे या क्रिया एकमेकींपासून वेगळ्या कशा ठेवाव्यात आणि मराठी कार्यालयीन व्यवहाराच्या काही विशिष्ट सवयींमुळे आपण कोठे अधिक असुरक्षित आहोत, याचा विचार केला आहे.

सहपत्र म्हणजे काय ?

ई-मेलची मूळ रचना केवळ साध्या रोमन मजकुरासाठी होती. चित्रे, ध्वनी व अन्य फाइली पत्रासोबत पाठविण्याची सर्वमान्य पद्धत नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी सिद्ध केली व ती १९९२ मध्ये 'माइम' या नावाने प्रसिद्ध झाली. तीत फाइलचे रूपांतर साध्या अक्षरांच्या लांबलचक मालिकेत केले जाते. मूळच्या दर तीन बाइटांसाठी चार अक्षरे लागत असल्याने फाइलचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. जीमेलची मर्यादा २५ एमबी असूनही त्याहून बरीच लहान फाइल कधीकधी जात नाही, त्यामागे हे कारण आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक आहे. सहपत्र टपालपेटीत येऊन पडले म्हणून काही घडत नाही, आणि ते संगणकाच्या चकतीवर साठविले तरी सामान्यतः काही घडत नाही. अपाय प्रामुख्याने ते उघडल्यावर, अर्थात त्यातील सूचना संगणकाने पाळावयास घेतल्यावर होतो. येणे, साठविणे आणि उघडणे या तीन स्वतंत्र क्रिया होत. आपण एका टिचकीत तिन्ही उरकतो आणि त्यामुळे तपासणीला जागाच उरत नाही.

मंत्रालयातील घटना :

मे २०१६ मध्ये मुंबईत मंत्रालयातील महसूल व सार्वजनिक बांधकाम या विभागांचे सुमारे दीडशे संगणक 'लॉकी' नावाच्या रॅन्समवेअरने बाधित झाल्याची वृत्ते प्रसिद्ध झाली. रॅन्समवेअर म्हणजे संगणकातील फाइली कूटबद्ध करून, थोडक्यात त्यांना परके कुलूप लावून, किल्लीसाठी खंडणी मागणारा प्रोग्राम होय. लॉकी त्याच वर्षी फेब्रुवारीत प्रथम दिसून आला होता आणि त्याच्या प्रसाराचा मुख्य मार्ग ई-मेलचे सहपत्र हाच होता. देयक किंवा बिल या नावाने एक वर्ड फाइल येई. ती उघडल्यावर पडद्यावर निरर्थक अक्षरांची गर्दी दिसे आणि वरच्या बाजूस एक ओळ असे : मजकूर नीट दिसत नसल्यास मॅक्रो सुरू करावेत. वाचणाऱ्याने तसे केले की त्या फाइलमध्ये दडविलेला छोटा आज्ञासंच इंटरनेटवरून मूळ रॅन्समवेअर ओढून घेई. त्यानंतर संगणकातील दस्तऐवज, छायाचित्रे व तक्ते कूटबद्ध होत, त्यांच्या नावापुढे 'लॉकी' हे नवे उपपद लागे, विंडोजने राखून ठेवलेल्या जुन्या प्रती पुसल्या जात आणि जाळ्यातून जोडलेल्या इतर संगणकांच्या सामाईक फोल्डरांपर्यंतही हा उपद्रव पोहोचे. खंडणी बिटकॉइनमध्ये मागितली जाई.

महाविद्यालयाच्या कार्यालयात विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील, अंतर्गत गुणांचे तक्ते आणि सेवापुस्तकांच्या छायाप्रती एक-दोन संगणकांत एकत्र असतात, व ते संगणक बहुधा एकाच जाळ्यात असतात. परीक्षा अर्जांच्या किंवा मूल्यांकन समितीच्या भेटीच्या आठवड्यात हे सर्व कुलूपबंद झाले तर काय होईल याची कल्पना कोणत्याही विभागप्रमुखास करता येईल. फाइली कुलूपबंद न होता बाहेर गेल्या, तर नुकसान विद्यार्थ्यांचे होते आणि ते परत भरून देता येत नाही.

न वाचता येणारा मजकूर :

लॉकीचे आमिष इंग्रजी वाचकासाठी रचलेले होते. इंग्रजी वाचकास निरर्थक अक्षरांनी भरलेली वर्ड फाइल क्वचितच दिसते. ती दिसल्यास त्याला काही तरी वावगे वाटण्याची शक्यता अधिक. मराठी कार्यालयातील वाचकाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत आपण शेकडो वेळा फाइल उघडली आहे, समोर रोमन अक्षरे, कंस, टक्केवारीची चिन्हे यांचा कचरा पाहिला आहे आणि 'फॉन्ट नाही वाटतं' असे म्हणून तो दुरुस्त करण्याच्या खटपटीला लागलो आहोत. निरर्थक मजकूर आपल्याला धोक्याची खूण वाटत नाही. तो आपल्या नित्याच्या कामाचा भाग आहे, आणि म्हणून हे आमिष आपल्यावर अधिक सहज लागू पडते असे माझे मत आहे.

याचे कारण तांत्रिक आहे. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची 'श्रीलिपी', सी-डॅकची 'आयएसएम' प्रणाली, त्याचप्रमाणे 'कृतिदेव', 'आकृती' इत्यादी फॉन्ट युनिकोडपूर्व पद्धतीचे होते. या पद्धतीत देवनागरी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांसाठी राखीव असलेल्या क्रमांकांवर बसविलेले असत. संगणकाच्या लेखी फाइलमध्ये रोमन चिन्हेच असत. त्यांना देवनागरीचा पोशाख फॉन्ट चढवीत असे. फॉन्ट नसलेल्या संगणकावर पोशाख उतरे आणि चिन्हे उघडी पडत. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी वर्णास स्वतःचा क्रमांक असल्याने हा प्रश्न उद्भवत नाही. तथापि मुद्रणालयांत, जुन्या प्रश्नपत्रिकांत, संस्थांच्या अहवालांत आणि अनेकांच्या प्रबंधांच्या मूळ प्रतींत ते फॉन्ट आजही टिकून आहेत. नियतकालिकांच्या संपादकांकडे येणाऱ्या लेखांविषयी तर बोलावयासच नको.

यातून एक साधी कसोटी हाती लागते. मराठी मजकूर फॉन्टअभावी वाचता येत नसेल, तर त्यावर उपाय दोनच : तो फॉन्ट आपल्या संगणकावर असणे, किंवा मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करणे. मॅक्रो सुरू केल्याने कोणताही मराठी मजकूर वाचनीय होत नाही. अक्षरे दिसण्यासाठी 'एनेबल कंटेंट' हे पिवळ्या पट्टीवरील बटण दाबावे असे जी फाइल सांगते, ती फॉन्टची अडचण सांगत नसून वाचकाकडून परवानगी उकळीत असते. अशा फाइलला तेथेच बंद करावे.

याच सवयीची दुसरी बाजू म्हणजे फॉन्टच सहपत्र म्हणून पाठविणे. 'मजकूर कृतिदेवमध्ये आहे, फॉन्ट सोबत जोडला आहे' असे लिहून फॉन्टची फाइल, आणि कित्येकदा फॉन्ट 'इन्स्टॉल' करणारा संपूर्ण प्रोग्राम, पाठविला जातो. यातील दुसरा प्रकार कोणत्याही परिस्थितीत चालवू नये. लेखकाकडून युनिकोडमधील प्रत मागवावी, तसे शक्य नसल्यास पीडीएफ मागवावी. महाविद्यालयाच्या शोधपत्रिकेने लेख केवळ युनिकोडमध्ये स्वीकारण्याचा नियम केला, तर मुद्रितशोधनाचे श्रम वाचतीलच, शिवाय अनोळखी फॉन्टफाइली कार्यालयात येण्याचा मार्गही बंद होईल.

मॅक्रो सरसकट त्याज्य आहेत असे मात्र म्हणता येणार नाही. प्राप्तिकर विभागाची विवरणपत्रे भरण्याची एक्सेल साधने मॅक्रोवरच चालत आली आहेत. फरक उगमाचा आहे. ते साधन आपण विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन घेतो. कोणी तरी ई-मेलने पाठविलेले वापरीत नाही. मायक्रोसॉफ्टने २०२२ पासून इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपोआप अडविण्यास प्रारंभ केला आहे. परंतु ऑफिसच्या जुन्या आवृत्त्यांना हे संरक्षण नाही, आणि २००७ ची आवृत्ती तर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' या केवळ वाचण्यापुरत्या सुरक्षित दालनालाही पारखी आहे.

फाइलचे आडनाव :

फाइलच्या नावात शेवटच्या टिंबानंतर येणारी अक्षरे हे त्या फाइलचे आडनाव समजावे. तिचे कुळ त्यावरून कळते. डॉक, डॉकएक्स ही वर्डची. एक्सएलएस, एक्सएलएसएक्स ही एक्सेलची. पीडीएफ, जेपीजी ही परिचित कुळे होत. डॉकएम व एक्सएलएसएम यांतील शेवटचा 'एम' मॅक्रो असल्याचे दर्शवितो. ईएक्सई, एससीआर, बॅट, जेएस, व्हीबीएस आणि एलएनके ही मात्र दस्तऐवजांची कुळे नव्हेत. ती संगणकास आज्ञा देणारी आहेत. परिपत्रक, वेळापत्रक किंवा शोधनिबंध या कुळांत जन्मास येत नाही.

अडचण अशी की विंडोज परिचित आडनावे मुळातच लपवून ठेवते. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या 'आय लव्ह यू' या विषाणूने याचाच लाभ घेतला. त्या सहपत्राचे नाव 'लव्ह-लेटर-फॉर-यू' असे होते, त्यापुढे 'टीएक्सटी' आणि सर्वांत शेवटी 'व्हीबीएस'. शेवटचे आडनाव लपल्यामुळे पाहणाऱ्यास ती साधी मजकूर फाइल वाटली. पंचवीस वर्षे उलटून गेली तरी 'परिपत्रक डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' या घडणीची फाइल आजही फसवू शकते, विशेषतः तिच्यावर पीडीएफचे चित्र असेल तर. विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमध्ये 'व्ह्यू' या यादीत 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय आहे. तो एकदा सुरू केला की आडनावे दिसू लागतात. हे काम अर्ध्या मिनिटाचे आहे आणि महाविद्यालयातील प्रत्येक संगणकावर ते आजच करता येईल.

झिप व रार या गाठोड्यांविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. गाठोड्याचे आडनाव निर्दोष असते. आत काय आहे ते वेगळे. गाठोड्याला संकेतशब्दाचे कुलूप असेल आणि तो संकेतशब्द त्याच पत्रात लिहिलेला असेल, तर ते कुलूप आपल्या रक्षणासाठी लावलेले नाही हे ओळखावे. कुलूप असल्याने टपाल सेवेची व विषाणूरोधकाची तपासणी आत शिरू शकत नाही. घराला कुलूप लावून किल्ली दारावरच टांगण्याचा हा प्रकार असून तो पहारेकऱ्यास दूर ठेवण्यासाठी केलेला असतो.

भ्रमणध्वनीवर हेच काम 'एपीके' हे आडनाव करते. लग्नाची निमंत्रणपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल पाठवून बँक खाती रिकामी केल्याच्या घटनांबाबत २०२४ पासून देशभरातील पोलिसांनी वारंवार इशारे दिले आहेत. पत्रिका ही चित्र असते किंवा पीडीएफ असते, ती कधी अ‍ॅप नसते.

प्रेषक ओळखीचा असला तरी :

'माहितीच्या माणसाकडून आलेली फाइल उघडण्यास हरकत नाही' हा समज सर्वत्र रूढ आहे. तो अपुरा आहे. 'इमोटेट' या विषाणूने बाधित संगणकातील जुना पत्रव्यवहार चोरून, त्याच पत्राला उत्तर दिल्यासारखे भासवून, आपली सहपत्रे पाठविली. पाहणाऱ्यास विषय जुना, संदर्भ खरा आणि नाव परिचयाचे दिसे. युरोपोलच्या पुढाकाराने जानेवारी २०२१ मध्ये त्याचे जाळे मोडण्यात आले; तरीही त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ते पुन्हा सक्रिय झाले. शिक्षणक्षेत्र अशा हल्ल्यांच्या दृष्टीने क्षुल्लक आहे असे समजण्याचेही कारण नाही. सिस्को टॅलोस या संशोधक गटाने जुलै २०२२ मध्ये आणि सेंटिनेलवनने एप्रिल २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालांत 'ट्रान्स्परंट ट्राइब' हा हेरगिरी करणारा गट भारतीय शैक्षणिक संस्थांकडे वळल्याचे व त्यासाठी शैक्षणिक विषयाच्या ऑफिस फाइली वापरीत असल्याचे नमूद आहे.

म्हणून प्रेषकापेक्षा दोन प्रश्न अधिक उपयोगी पडतात. ही फाइल मला अपेक्षित होती काय ? आणि हा दस्तऐवज मला त्याच्या मूळ ठिकाणाहून मिळू शकतो काय ? पहिल्याचे उत्तर नकारार्थी असेल तर प्रेषकास दूरध्वनी करावा. त्याच ई-मेलला उत्तर देऊन विचारू नये, कारण खातेच परक्याच्या हाती असल्यास उत्तरही तोच देईल. ज्येष्ठ सहकाऱ्यास किंवा प्राचार्यांस 'सर, ही फाइल आपणच पाठविली का ?' असे विचारणे अनेकांस अवघड वाटते. पण कार्यालयात विनास्वाक्षरीचे पत्र आले तर आवक लिपिक हेच विचारीत असे आणि त्यात कोणाचा अवमान होत नसे.

दुसऱ्या प्रश्नाच्या बाबतीत महाराष्ट्र शासनाने आपले काम सोपे केले आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी तो शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचे लिहून त्याचा अठरा अंकी संकेतांक दिलेला असतो. त्यातील पहिले आठ अंक वर्ष, महिना व दिवस दर्शवितात. कोणी शासन निर्णय म्हणून फाइल पाठविली, तर ती न उघडता संकेतस्थळावर विभाग, दिनांक किंवा विषय यांवरून तो शोधून तेथील प्रत घ्यावी. पत्रात संकेतांक दिला असल्यास शोध आणखी सोपा होतो. विद्यापीठाची परिपत्रके व यूजीसीच्या सूचना यांबाबतही त्यांची संकेतस्थळे हेच मूळ ठिकाण होय. यामुळे आणखी एक लाभ होतो : व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे, मधली पाने गळालेले किंवा मागाहून शुद्धिपत्रक निघालेले निर्णय आपण प्रमाण धरीत नाही.

संशय कायम असेल आणि मजकूर पाहणे आवश्यकच असेल, तर फाइल डाउनलोड न करता जीमेलमधील पूर्वदर्शनात ती पाहावी. तेथे फाइल गूगलच्या संगणकांवर उघडते आणि आपल्यापुढे केवळ तिचे चित्र येते. 'व्हायरसटोटल' या सेवेवर फाइल तपासण्याचा सल्लाही दिला जातो. परंतु तेथे चढविलेली फाइल इतर अभ्यासकांस उपलब्ध होऊ शकते. विद्यार्थ्यांची यादी, गुणपत्रके किंवा प्रश्नपत्रिका तेथे कदापि चढवू नयेत.

इंटरनेटची खूण आणि पेनड्राइव्ह :

ही बाब फारशी चर्चिली जात नाही, म्हणून थोडी विस्ताराने मांडतो. ब्राउझरमधून फाइल डाउनलोड होते तेव्हा विंडोज तिच्यासोबत एक अदृश्य टीप जोडते. ती टीप सांगते की ही फाइल इंटरनेटवरून आलेली आहे. वर्ड ती फाइल 'प्रोटेक्टेड व्ह्यू'मध्ये उघडते किंवा मॅक्रो अडविते, ते याच टिपेच्या आधारे. आवक शिक्क्याचेच हे यांत्रिक रूप म्हणता येईल.

ही टीप विंडोजच्या एनटीएफएस या साठवण पद्धतीत टिकते. बहुतेक पेनड्राइव्ह एफएटी-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीचे असतात व त्या पद्धतींत अशी टीप ठेवण्याची सोयच नाही. फाइल पेनड्राइव्हवर गेली की शिक्का पुसला जातो, आणि दुसऱ्या संगणकावर ती तेथेच तयार झालेल्या घरच्या फाइलसारखी, विनातक्रार उघडते. आपल्या महाविद्यालयांतील व्यवहार पाहता याचे महत्त्व लक्षात येईल. इंटरनेट ज्या संगणकावर चांगले चालते तेथे ई-मेल उघडला जातो, सहपत्र पेनड्राइव्हवर घेतले जाते आणि विभागातील, प्रयोगशाळेतील किंवा छपाईयंत्राला जोडलेल्या संगणकावर ते उघडले जाते. तो दुसरा संगणक बहुधा जुना असतो. विंडोज ७ ला जानेवारी २०२० पासून आणि विंडोज १० ला १४ ऑक्टोबर २०२५ पासून मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य नाही. जेथे संरक्षण सर्वांत दुबळे तेथेच शिक्का पुसलेली फाइल पोहोचते. म्हणून सहपत्राची तपासणी ते ज्या संगणकावर उतरले तेथेच, पेनड्राइव्हवर घेण्यापूर्वी, पूर्ण केली पाहिजे. केवळ छपाई हवी असेल तर मूळ संगणकावर पीडीएफ करून ती प्रत न्यावी. वर्डमधून नव्याने केलेल्या पीडीएफमध्ये मूळ फाइलचे मॅक्रो जात नाहीत.

जतन :

सुरक्षितपणे उतरविलेली फाइल पुढे सापडली नाही, तर त्या सुरक्षिततेचा उपयोग काय ? डाउनलोड्स हे फोल्डर म्हणजे आवक पेटी. ते कपाट नव्हे. बहुसंख्य संगणकांवर या पेटीत एकाच प्रपत्राच्या कंसात १, २, ३ असे आकडे पडलेल्या प्रती साचलेल्या असतात आणि मूल्यांकनाच्या वेळी त्यांतील अंतिम कोणती यावर विभागात मतभेद होतात. तपासलेली फाइल त्याच दिवशी तिच्या जागी हलवावी आणि तिला वर्ष, महिना, दिवस, प्रेषक व विषय या क्रमाने नाव द्यावे. वर्ष प्रारंभी ठेवल्यास फाइली आपोआप कालक्रमाने लागतात. नाव देताना एका स्थानिक बाबीकडे लक्ष द्यावे. जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. विद्यापीठाचे नाव २०१४ मध्ये बदलले होते. जुन्या फाइली 'अहमदनगर' व 'पुणे विद्यापीठ' या नावांनी आणि नव्या वेगळ्या नावांनी साठविलेल्या असल्याने शोध घेताना दोन्ही नावे टाकावी लागतात. जुन्या फाइलींची नावे बदलण्याच्या भरीस पडू नये, कारण अहवालांतून दिलेले दुवे त्यामुळे तुटतात.

आउटलुकसारख्या प्रोग्राममधून सहपत्र थेट उघडून त्यातच माहिती भरणे ही आणखी एक घातक सवय. असे सहपत्र तात्पुरत्या, दडलेल्या फोल्डरमध्ये उघडते. दोन तास भरलेला तक्ता बंद केल्यावर शोधूनही सापडत नाही. प्रथम साठवावे, मग उघडावे, मग भरावे.

सामाईक संगणकावर, ग्रंथालयात किंवा सायबर कॅफेत उतरविलेली प्रत काम झाल्यावर डाउनलोड्समधून व पुनर्चक्रण पेटीतूनही काढून टाकावी. ई-आधारच्या पीडीएफला संकेतशब्द असतो म्हणून ती सुरक्षित आहे असे मानू नये. नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मवर्ष अशी त्याची घडण असल्याने प्रवेशअर्ज हाती असलेल्या कोणासही तो ठरविता येतो. विद्यार्थ्यांनी विश्वासाने दिलेली ही माहिती आहे, आणि डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ नंतर तिच्या जपणुकीकडे केवळ सौजन्याचा भाग म्हणून पाहता येणार नाही.

प्रतींच्या संदर्भात इतकेच सांगणे पुरे की कायम जोडून ठेवलेली बाह्य हार्ड डिस्क ही राखीव प्रत होत नाही. लॉकीसारखा प्रोग्राम तीही कुलूपबंद करतो. प्रत घेऊन झाल्यावर ती काढून कपाटात ठेवावी. गूगल ड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमधील बिघडलेली फाइल ड्राइव्हवरही बिघडते. तथापि तेथे मागील आवृत्त्या ३० दिवस मिळू शकतात, ही मुदत लक्षात ठेवावी.

फाइल उघडली गेलीच तर :

पडद्यावर अनपेक्षित काळी खिडकी चमकून गेली, फाइलींची नावे बदलू लागली किंवा संगणक एकाएकी मंदावला, तर सर्वप्रथम जाळ्याची वायर काढावी व वायफाय बंद करावे. पेनड्राइव्ह व बाह्य चकती ताबडतोब वेगळ्या कराव्यात. पडद्यावर संदेश असल्यास भ्रमणध्वनीने त्याचे छायाचित्र घ्यावे. घाईघाईने संगणक फॉरमॅट करू नये. पुरावा व पुनर्प्राप्तीची शक्यता दोन्ही त्याबरोबर जातात. काही रॅन्समवेअरच्या किल्ल्या 'नो मोअर रॅन्सम' या युरोपोल, नेदरलँड्सचे पोलीस व विषाणूरोधक कंपन्या यांनी २०१६ मध्ये सुरू केलेल्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात, सर्वच प्रकारांच्या मिळत नाहीत. ई-मेलचा व बँकेचा संकेतशब्द बाधित संगणकावरून न बदलता दुसऱ्या संगणकावरून बदलावा.

आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे. अन्य तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदविता येते. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार शासकीय संस्था, कंपन्या व सेवापुरवठादार यांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे बंधनकारक आहे. महाविद्यालयांनीही हीच मुदत आपली मानणे योग्य ठरेल, कारण तीच फाइल त्याच सकाळी शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयातही पोहोचलेली असण्याचा संभव असतो. मूळ ई-मेल मात्र पुसून टाकू नये. तो कोणत्या संगणकांतून कोणत्या मार्गाने आला याची नोंद त्याच्या शीर्षभागात असते, आणि तपास अधिकारी प्रथम तीच मागतात.